पू एवढा घाण वासाचा आणि कल्चर रिपोर्ट 'नो ग्रोथ'? कुणी समजावून सांगेल का

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी, डोक्यात नुसता गोंधळ झालाय म्हणून धागा काढतेय. आमच्या सासऱ्यांची (वय ६८, शुगर बरीच वर्षं आहे आणि ती कंट्रोलमध्ये असल्याचं फक्त तेच सांगतात) खालची उजवीकडची शेवटची दाढ दुखत होती. दाढ काढायची म्हटलं की त्यांना शेतातली सगळी कामं आठवतात, त्यामुळे मेडिकलमधून गोळ्या आणून रेटत राहिले. मग एका सकाळी उठले तर जबड्याखाली टणक सूज, तोंड धड उघडेना, थुंकीसुद्धा गिळता येईना. गावातल्या दवाखान्यात अमिकासिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, त्याने ढिम्म फरक नाही. मग शहरात नेऊन ॲडमिट केलं, रात्रीच भूल देऊन जबड्याखाली चीर घेतली आणि पू काढला. पहिल्या ड्रेसिंगला नवरा आत होता, तो म्हणतो वास असा होता की बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

आता सासरे बरे आहेत, पातळ खाणं चालू आहे, चिडचिडही सुरू झालीय म्हणजे तब्येत सुधारतेय. प्रश्न रिपोर्टचा आहे. त्यात वर लिहिलंय भरपूर पस सेल्स, ग्रॅम स्टेनमध्ये (जंतूंना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघतात ते) दोनतीन प्रकारचे जंतू दिसले, आणि खाली निकाल काय तर ४८ तासांनी नो ग्रोथ. म्हणजे दिसले पण वाढलेच नाहीत? डॉक्टरांना विचारलं तर "ॲनरोबिक आहे, मेट्रो चालू केलंय, काळजी करू नका" एवढं बोलून पुढच्या बेडकडे गेले (मेट्रो म्हणजे मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक). नेटवर बघितलं तर ॲनरोबिक म्हणजे ऑक्सिजन न सोसणारे जंतू. मग ते तोंडात राहतात कसे, तोंड तर दिवसभर उघडं (आमच्या सासऱ्यांचं तर जरा जास्तच). आणि आले कुठून, खाण्यातून? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, त्याला लागण वगैरे होईल का?

पेट्रीडिश:

ताई, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो त्यामुळे आधी रिपोर्टचं सांगतो. तुमचा रिपोर्ट चुकीचा नाहीये, तो अर्धा आहे. साधं पस कल्चर म्हणजे प्लेटवर पू पसरायचा आणि प्लेट ३७ डिग्रीच्या इनक्यूबेटरमध्ये ठेवायची, आणि त्या इनक्यूबेटरमध्ये आपलीच हवा असते, २१ टक्के ऑक्सिजनवाली. त्यात ॲनरोब वाढणार कसे? काचपट्टीवर रंग देऊन बघितलं तर मेलेले जिवंत सगळे दिसतात, म्हणून ग्रॅम स्टेनमध्ये दिसले. स्टेनमध्ये जंतूंची गर्दी, कल्चर कोरं आणि पूला कुजका वास, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ॲनरोबचाच संशय घ्यायचा असं आम्हाला पहिल्यापासून शिकवतात. अर्थात आधी अँटिबायोटिक पोटात किंवा शिरेत गेलेलं असेल तर हवेत वाढणारे जंतूही दबून बसतात, तुमच्या केसमध्ये थोडं तेही असू शकतं.

ॲनरोबिक कल्चर वेगळं सांगावं लागतं. हवाबंद जार लागतो, त्यातला ऑक्सिजन शोषून घेणारं पाकीट लागतं, वेगळं मीडिया (जंतूंचं खाद्य) लागतं, प्लेट साधारण ४८ तासांनी पहिल्यांदा उघडायची आणि काही जंतूंसाठी आठवडाभरसुद्धा थांबायचं. त्यात भरीला सॅम्पल. कापसाच्या स्वॅबवर पू घेऊन तो दुपारपर्यंत ट्रेमध्ये पडून राहिला तर जारमध्ये घालून काय उपयोग, जे मरायचे ते ट्रेमध्येच मेले. सिरिंजने आत खोलवरून पू ओढायचा, सिरिंजमधली हवा काढून टाकायची आणि लगेच लॅबला पाठवायचं, ही खरी पद्धत. छोट्या लॅबमध्ये जार नसतोच बहुतेक ठिकाणी, आणि निकाल येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो, म्हणून डॉक्टर वास, जागा आणि स्टेन बघून औषध सुरू करतात. ते बरोबरच आहे.

वासाचं म्हणाल तर हे जंतू श्वासाला ऑक्सिजन वापरत नाहीत, प्रोटीन आणि साखर आंबवून जगतात आणि त्यातून ब्युटिरिक ॲसिडसारखी आम्लं, अमाइन्स, गंधकाचे वायू तयार होतात. तोच तो वास. पण वास नाही म्हणून ॲनरोब नाहीत असं उलटं मात्र धरू नका, त्यांचे काही प्रकार वास सोडत नाहीत.

अमिकासिनने फरक का पडला नाही तेही यातच आलं. अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं जंतूच्या आत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. ॲनरोबकडे ती नाही, मग औषध दारातच उभं राहतं. शिवाय आत पूची पिशवी झालेली असेल तर कुठलंही इंजेक्शन एकटं फार काही करू शकत नाही.

बाकरवडी:

वाचतोय. एक बाळबोध शंका. ऑक्सिजनने मरतात ना, मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गुळण्या करून विषय संपत का नाही? मेडिकलमध्ये स्वस्तात बाटली मिळते. आमच्याकडे दाढ दुखली की लवंग तेलाचा बोळा आणि वर पेरॉक्साइड, आजीपासून चालत आलंय.

दाढवालेकाका:

बाकरवडी, दवाखाना आता मुलाकडे दिलाय पण खाज जात नाही म्हणून लिहितो. हिरड्या सुजून त्यांना जखमा झाल्या असतील तर पातळ केलेल्या पेरॉक्साइडच्या गुळण्या आम्हीपण सांगायचो. पण तो फेस वरच्या वर होतो हो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली, नस मेलेली, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले, तिथे गुळणी कशी जाणार? लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने दाढ बधिर होते, बाकी काही नाही. उलट दुखणं थांबलं की माणूस निर्धास्त होतो, आणि नस पूर्ण मेली की आपोआपही थांबतं. "डॉक्टर, आता दुखत नाही, राहू दे" म्हणून गेलेले किती पेशंट पुढे गाल सुजवून परत आले याचा हिशोब नाही.

कृष्णाकाठचीताई, तुमचा मुख्य प्रश्न, उघड्या तोंडात हे राहतात कसे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते, तिथे हवा जवळजवळ पोचतच नाही. दातांवरचा प्लाकचा थर घ्या, त्यातले वरचे जंतू ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि खालच्यांना आयती बंद खोली मिळते. फ्युझोबॅक्टेरियम, प्रिव्होटेला, पॉर्फिरोमोनास, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस ही तिथली कायमची मंडळी, तुमच्या आमच्या सगळ्यांच्या तोंडात आहेत. बाहेरून आले नाहीत, आणि नातवाला आजोबांपासून लागण होण्याचाही प्रश्न नाही. त्याला दात आले तशी त्याची स्वतःची वस्ती वाढतेच आहे. बिघडतं कधी, तर जागा सोडून आत घुसले आणि तिथे रक्तपुरवठा कमी असला की. मेलेली नस, दाबलं गेलेलं मांस, आणि डायबेटिसमध्ये आधीच कमजोर झालेल्या बारीक रक्तवाहिन्या. रक्त नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत.

आता जरा भीती घालतो, कारण घालायला पाहिजे. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जिभेखालचा स्नायू जबड्याला जिथे चिकटतो त्या रेषेच्या खाली उतरतात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटून मोकळा होण्याऐवजी जबड्याखाली गळ्याच्या बाजूला जातो. तो दोन्हीकडे पसरला की जीभ वर उचलली जाते, मागे सरकते आणि श्वासनळीची वाट बंद होते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली याचं वर्णन केलं म्हणून लुडविग्ज अँजायना म्हणतात, नावात अँजायना असलं तरी हृदयाशी काही संबंध नाही. अँटिबायोटिक येण्याआधी यातले निम्म्याहून जास्त पेशंट जायचे, तेही बऱ्याचदा गुदमरून. तुमच्या सासऱ्यांना थुंकी गिळता येत नव्हती म्हणताय, म्हणजे त्या रस्त्याला लागलेच होते. जबड्याखाली सूज, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, यातलं काहीही असेल तर दंतवैद्याची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल.

आणि मेट्रोची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे औषध जंतूंसाठी बनवलंच नव्हतं. बायकांना ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीने पांढरं जातं, त्यावर निघालेलं. १९६२ मध्ये शिन नावाच्या ब्रिटिश डेंटिस्टने लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छोटंसं पत्र लिहिलं, की एक बाई त्यासाठी मेट्रोनिडाझोल घेत होती आणि तिच्या सडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या. म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना ज्याने हैराण केलं होतं तेच दुखणं. एका पेशंटच्या तक्रारीकडे कुणीतरी नीट लक्ष दिलं म्हणून आज जगभरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ती बाटली लटकतेय.

पेट्रीडिश:

काकांना +१. त्यात थोडी भर. मेट्रोनिडाझोल जंतूच्या आत जातं तेव्हा निरुपद्रवी असतं. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या पेशीतले इलेक्ट्रॉन त्याला मिळाले की ते पेटतं आणि डीएनए तोडतं. हवेत वाढणाऱ्या जंतूंमध्ये ते तसं पेटतच नाही. म्हणूनच दाढेच्या पूवर नुसतं मेट्रो देत नाहीत, सोबत पेनिसिलिनच्या घरातलं काहीतरी असतं, कारण तिथे स्ट्रेप्टोकॉकसही असतात आणि त्यांच्यावर मेट्रो फुकट. आणि नावात ॲनरोब म्हणून सगळे त्याने मरतात असंही नाही. पिंपल्समध्ये सापडणारा क्युटिबॅक्टेरियम आणि ॲक्टिनोमायसिस यांच्यावर ते चालत नाही.

ओटीतली सिस्टर:

बरेच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. दाढेचं काकांनी सांगितलं, मी पोटाचं सांगते कारण सर्जिकल वॉर्डात खरा खेळ तिथला. मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात साधारण १०० अब्ज जंतू असतात आणि त्यातले बहुतेक सगळे ॲनरोब. ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो ई कोलाय त्यात टक्काभरही नाही. अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला भोक पडलं की हे सगळं वऱ्हाड पोटाच्या पोकळीत उतरतं. गंमत अशी की त्यातले बरेचसे तिथे मरून जातात, टिकतात थोडेच, आणि त्यात सगळ्यात जास्त सापडतो बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस. आतड्यात याची संख्या टक्काभरसुद्धा नाही पण पोटातल्या गळवात हाच हजर. कारण एक तर याला थोडा वेळ ऑक्सिजन सोसतो, ऑक्सिजनचं विष मोडणारी एन्झाइम्स याच्याकडे आहेत. दुसरं म्हणजे अंगावर साखरेचं जाड कवच. प्रयोगात जंतू न घालता नुसतं ते कवच प्राण्यांच्या पोटात सोडलं तरी गळू तयार झालं, इतकं ते शरीराला चिथवतं. आणि तिसरं, साधं पेनिसिलिन मोडून टाकणारं एन्झाइमही याच्याकडे असतं.

आमच्या सरांनी सांगितलेला उंदरांचा प्रयोग माझ्या कायम लक्षात राहिलाय. १९७० च्या दशकात अमेरिकेत उंदरांच्या पोटात आतड्यातला मळ सोडला. पहिल्या काही दिवसांत बरेच उंदीर ई कोलायच्या सेप्सिसने (रक्तात पसरलेल्या संसर्गाने) मेले आणि जे जगले त्यांच्या पोटात नंतर ॲनरोबची गळवं झाली. मग काहींना नुसतं जेंटामायसिन दिलं, तर मरणं कमी झाली पण गळवं तशीच. काहींना नुसतं ॲनरोबवर चालणारं क्लिंडामायसिन दिलं, तर गळवं कमी पण मरणं चालू. दोन्ही दिली तेव्हा दोन्ही कमी. आपल्याकडे पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-दोन तीन-तीन बाटल्या का लावतात असं नातेवाईक विचारतात ना, त्याचं उत्तर हे. हे जंतू एकमेकांना धरून असतात, ई कोलाय उरलासुरला ऑक्सिजन संपवतो आणि बॅक्टेरॉइडिसला राहण्यालायक जागा करून देतो.

डायबेटिसचा पाय तर विचारूच नका. वरून जखम नाण्याएवढी आणि आत बोगदा. दाबलं की कुरकुर आवाज आला म्हणजे आत गॅस आहे, तेव्हा पाच मिनिटंसुद्धा घालवायची नाहीत. (गॅस म्हणजे दरवेळी गॅस गँगरीनवाला क्लॉस्ट्रिडियमच असं नाही, इतर जंतूंचे घोळकेही गॅस करतात, पण घाई तेवढीच.) ताई, सासऱ्यांचे पाय रोज संध्याकाळी बघत जा, बोटांच्या मधे सुद्धा. ते नाही म्हणतील. तरी बघा.

उंबरठा:

फार माहितीपूर्ण धागा. माझ्या मावसभावाचा कान लहानपणापासून वाहायचा, घाण वास यायचा, घरचे म्हणायचे मोठा झाला की थांबेल. कॉलेजात असताना डोकेदुखी, उलट्या आणि मग फिट. मेंदूत गळू निघालं. न्यूरोसर्जनने पहिला प्रश्न विचारला तो कानाचा, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. तोही याच जंतूंचा प्रकार का?

दुसरा प्रश्न स्वतःसाठी. जुलाब झाले की मी मेडिकलमधून ती नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची गोळी आणतो, दोन गोळ्यांत थांबतं. टिनिडाझोल म्हणजे मेट्रोचाच भाऊ ना? मग आतड्यातल्या त्या १०० अब्जांचं काय होतं?

पेट्रीडिश:

कानाचं उत्तर बहुतेक हो. वर्षानुवर्षं वाहणारा घाण वासाचा कान, सायनस आणि दात, मेंदूतल्या गळवाच्या या जुन्या वाटा आहेत आणि त्या पूमध्ये ॲनरोब बरेचदा सापडतात. फुप्फुसाचंही तसंच. दारूच्या नशेत, फिटमध्ये किंवा बेशुद्धीत तोंडातली लाळ श्वासनळीत उतरते आणि आठवड्या दोन आठवड्यांत फुप्फुसात गळू, बेडका असा की शेजारचा पेशंट बेड बदलून मागतो. ज्यांच्या तोंडात एकही दात नाही त्यांना हे सहसा होत नाही, कारण हिरडीची खाचच उरत नाही. दात नसलेल्या माणसाला फुप्फुसात गळू दिसलं तर आधी कॅन्सर शोधा असं जुने प्रोफेसर सांगायचे.

गोळीचं. हो, भाऊच. जुलाब बहुतेक वेळा व्हायरसने होतात आणि तुमचे दोन दिवसांत असेही थांबले असते, श्रेय गोळीला मिळालं. त्या १०० अब्जांपैकी कितीतरी जण तुमच्या कामाचे आहेत. तुम्ही खाल्लेला कोंडा, भाज्यांचे तंतू आंबवून ते ब्युटिरेट बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य जेवण तेच. त्या पेशी ब्युटिरेट जाळताना ऑक्सिजन वापरतात म्हणून आतड्याची पोकळी ऑक्सिजनमुक्त राहते आणि ॲनरोब टिकतात. एकाने दुसऱ्याला पोसायचं असा व्यवहार आहे. अँटिबायोटिकने ही वस्ती उठली की मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू पसरतो, तोही ॲनरोबच, आणि त्याच्या विषाने पुन्हा जुलाब, कधी जिवावर बेतण्याइतके. ते सारखे उलटत राहिले तर निरोगी माणसाचा मळ ट्यूबने पेशंटच्या आतड्यात सोडतात. हसू नका, २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा पेशंट्समध्ये हा उपाय नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकपेक्षा खूपच सरस ठरला होता. तेव्हा साध्या जुलाबाला ओआरएस, झालं. रक्त पडतंय, ताप आहे, तर डॉक्टर.

बाकरवडी:

मळ ट्यूबने?? मी आत्ता जेवायला बसलो होतो राव.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार, डॉक्टरांनी राउंडला सांगितलं नाही ते इथे कळलं. नवऱ्याला अख्खा धागा वाचून दाखवला, नंतर सासऱ्यांनाही. लुडविगचा भाग ऐकून गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले दुसऱ्या बाजूची दाढपण जरा हलते.

शेवटच्या दोन शंका. एक, त्यांना मेट्रोने तोंडात सारखी लोखंड चोखल्यासारखी चव येतेय आणि लघवी गडद होतेय, बंद करू का? दोन, ॲडमिट करताना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ते कशाला? खिळा वगैरे काही लागलेला नाही.

दाढवालेकाका:

चव आणि लघवीचा रंग दोन्ही त्या औषधाचेच, गोळ्या संपल्या की जातील. मनाने बंद करू नका, डॉक्टरांनी लिहिलेत तेवढे दिवस पूर्ण करा. हातापायाला मुंग्या, चक्कर, बोलण्यात फरक असं काही वाटलं तर मात्र त्याच दिवशी कळवा. रक्त पातळ व्हायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, मेट्रोने तिचा जोर वाढतो. आणि या काळात दारू नको, काही जणांना त्यावर उलट्या, धडधड होते. सासरे घेत नसतील तर प्रश्नच नाही, घेत असतील आणि तुम्हाला माहीत नसेल तर नवऱ्याकरवी सांगा.

ती हलणारी दाढ पुढच्याच आठवड्यात दाखवा. शुगरचा रिपोर्ट सोबत न्या.

ओटीतली सिस्टर:

धनुर्वाताचं मी सांगते. तोही क्लॉस्ट्रिडियमच, पण हा आपल्या तोंडात राहणाऱ्यातला नाही. याचे बीजाणू मातीत, शेणात असतात आणि ऑक्सिजनमध्येही वर्षानुवर्षं टिकतात, उगवतात मात्र खोल बंद जखमेत. खिळ्याचा गंज दोषी नसतो, खोल गेलेली माती दोषी. दाढेच्या पूशी याचा थेट संबंध नाही, पण शेतावरचा माणूस, वय ६८, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं कुणालाच आठवत नाही, म्हणून ॲडमिट झालेल्या वेळी उरकून घेतात. तारीख फाइलमध्ये लिहून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी विचारलं की सांगता येईल. आणि चिरेची जागा आतून भरत येईपर्यंत वरचं तोंड बंद व्हायला नको, म्हणून ड्रेसिंगला आत पट्टी घालतात ती दुखते म्हणून घरी काढून टाकू देऊ नका त्यांना.